क्षमता चार व्यक्ती

मलकापूरच्या शुभंकर रेसिडेन्सी सहकारी गृहनिर्माण संस्थेची लिफ्ट एका मंगळवारी सकाळी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत कोणी नव्हते, त्यामुळे घटनेची दखल घेण्याची कोणालाच घाई नव्हती. लोकांनी जिना वापरला. फक्त चौथ्या मजल्यावर वच्छलाबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी महिनाभर एकही पायरी चढायची-उतरायची नाही असे बजावले होते.

वच्छलाबाईंचे यजमान माणिकराव हे संस्थेचे मानद सचिव. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे त्यांनी कारकुनी केली. त्या काळात त्यांच्या टेबलावरून एकही फाइल नियमाबाहेर गेली नव्हती. पुष्कळशा तर गेल्याच नव्हत्या. नियमाचे बोलताना ते पुस्तकी बोलत आणि भूक लागली की वऱ्हाडी.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी उंद्रीला त्यांच्या लेकीच्या, प्रेरणाच्या, मुलीचे बारसे होते. खरे तर पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण आईचाच गुडघा उघडायचा होता, म्हणून ते सासरी करावे लागले. ही गोष्ट वच्छलाबाईंच्या जिवाला लागली होती. झबले, टोपडे, जुन्या लुगड्यांचे मऊ दुपटे, सगळे पिशवीत भरून त्यांनी पिशवी दाराशी ठेवली होती. ‘काही झालं तरी बारशाला नेईन,’ असा शब्द माणिकरावांनी दिला होता. तोंडी.

गावात लिफ्टचे काम करणारा माणूस एकच, गोविंदा. तो आला, बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाला, “काका, दाराचा स्विच गेला. नवा माह्या थैलीत आहे. अर्ध्या घंट्याचं काम.”

“थांब. तुझा वार्षिक करार मार्चमध्ये संपला. करार नसताना लिफ्टला हात लावणे म्हणजे छेडछाड.”

“मंग नवा करा ना.”

“तीन दरपत्रकं लागतील.”

“अहो, अख्ख्या मलकापुरात लिफ्टवाला मी एकलाच आहो!”

“म्हणूनच स्पर्धा आवश्यक आहे,” माणिकराव म्हणाले.

तीन दरपत्रकांची आपल्याकडची रीत तशी जगजाहीर आहे. ज्याला काम द्यायचे, तोच तिन्ही आणतो. एक स्वतःचे आणि दोन ओळखीच्यांची, जरा चढ्या दराची. यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण सगळ्यांनाच माहीत असते. त्याप्रमाणे गोविंदाने एक दरपत्रक मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून घेतले. तो मुरलेला गडी, त्याने बरोबर दुप्पट आकडा टाकला. दुसरे घेतले मंडप डेकोरेशनवाल्या इंद्रभानकडून. इंद्रभान या प्रांतात नवा होता.

“किती लिहू बे?” त्याने विचारले.

“माह्याहून जास्त लिही. दाबून लिही.”

गोविंदा घाईत होता, स्वतःचा आकडा सांगायचा राहिला. इंद्रभानने आपल्या आयुष्यातली सगळ्यात महागडी ऑर्डर आठवली, तीन दिवसांचा शामियाना दोन जनरेटरसकट, आणि छातीवर दगड ठेवून तो दर लिहिला. तरीही तो गोविंदापेक्षा कमीच भरला.

पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून पाकिटे फोडण्यात आली. अध्यक्ष पंजाबराव कापसाचे व्यापारी होते. त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर असल्याने लिफ्टच्या बाबतीत ते पूर्णपणे निःपक्षपाती होते. माणिकरावांनी चष्मा पुसून निकाल वाचला. “सर्वांत कमी दर, इंद्रभान मंडप डेकोरेशन.”

“काका!” गोविंदा उठलाच. “त्याले लिफ्टमधलं काय समजते?”

“दरपत्रकात समज असा रकाना नाही.”

इंद्रभानला बोलावणे गेले तेव्हा तो हात जोडूनच आला. “साहेब, मले माफ करा. मी आपला ह्याच्यासाठी लिहून देल्लं. मले झालर लावता येते, लिफ्ट नाई.” पण माणिकरावांनी त्याला समजावले की दर देऊन माघार घेणाऱ्याचे नाव काळ्या यादीत जाते. आणि पंजाबरावांनी सहज आठवण करून दिली की पुतणीच्या लग्नाचा मंडप अजून कोणाला दिलेला नाही. इंद्रभानने सही केली. करार माणिकरावांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. कंत्राटदाराने रहिवाशांची तळमजला ते चौथा मजला अशी ने-आण करावी, आणि या सेवेस लिफ्टचे सर्व नियम लागू राहतील.

करार झाला त्या दिवशी माणिकराव समाधानाने जेवायला बसले. वच्छलाबाईंनी पलंगावरूनच विचारले, “झाली का सुरू?”

“कार्यादेश देल्ला.”

“मले कार्यादेशात बसून जाता येते का उंद्रीले?”

माणिकरावांनी ठेच्याकडे हात नेला.

इंद्रभान मात्र शब्दाचा पक्का निघाला. पहिल्या दिवशी त्याने पाचही मजल्यांवर लिफ्टच्या दारांना लाल-पांढऱ्या सॅटिनच्या झालरी लावल्या आणि तळमजल्यावर ‘सुस्वागतम्’ची कमान उभी केली. दुसऱ्या दिवशी त्याने गोदामातली नवरदेवाची मखमली खुर्ची आणली, खालून दोन मजबूत बांबू बांधले आणि मंडप ठोकणारे चार गडी हजर केले. करारात ने-आण म्हटले होते, कशाने ते म्हटले नव्हते. माणिकरावांनी करार तीनदा वाचला. त्यात चूक सापडेना. उलट विजेचा खर्च वाचत होता.

चौथ्या मजल्यावर खुर्ची पोचली तेव्हा वच्छलाबाईंना हसू आवरेना. “लग्नात घोड्यावर तुमी बसले, आता खुर्चीवर मी बसतो,” म्हणत त्या काठीच्या आधाराने दारापर्यंत आल्या. बसणार, तेवढ्यात माणिकरावांची नजर लिफ्टच्या दाराशेजारच्या पितळी पाटीवर गेली.

“थांब. क्षमता चार व्यक्ती.”

“मी एकलीच तं आहो!”

“उचलणारे चार. तू पाचवी. हा ओव्हरलोड होतो.”

चारही गडी एकमेकांकडे बघू लागले. त्यांतला एक म्हणाला, “साहेब, बसू द्या ना माय माउलीले, कोन पाह्यते?” पण पाहायला माणिकराव स्वतःच होते. सेवेस लिफ्टचे सर्व नियम लागू, हे कलम त्यांच्याच अक्षरात होते. त्यांना वाईट वाटले, फार वाईट वाटले. पण आपल्या बायकोसाठी नियम वाकवला तर लोक काय म्हणतील, या विचाराने त्यांनी मन घट्ट केले. लोकांपैकी तिथे कोणीच नव्हते.

तोडगा म्हणून एक गडी कमी करण्यात आला. तिघांनी उचलायचे आणि एकाने बसायचे, बेरीज चार. चाचणीसाठी पंजाबरावांनी तुरीचे एक पोते दिले. पोते तिसऱ्या मजल्याच्या वळणावर गडी नसलेल्या कोपऱ्याकडे कलंडले आणि तिथून पायऱ्या मोजत थेट दुसऱ्या मजल्यावरच्या सुवर्णाबाईंच्या दारावर जाऊन आदळले. सुवर्णाबाई शिक्षिका. दार उघडून त्यांनी तूर पाहिली, वर पाहिले आणि दार लावून घेतले. वच्छलाबाईंनी त्या खुर्चीत बसायला साफ नकार दिला.

पण सेवा खंडित करता येत नव्हती. त्यामुळे खुर्ची दहा ते पाच, दर अर्ध्या तासाला, चार गड्यांच्या खांद्यावरून रिकामी वर जाऊ लागली आणि रिकामी खाली येऊ लागली. प्रत्येक फेरीची नोंद होई. जिन्यात खुर्ची समोरून आली की रहिवासी भिंतीला चिकटून उभे राहत आणि तिला वाट देत.

“अवो,” वच्छलाबाई एका दुपारी म्हणाल्या, “तो गोविंदा रोज खाली येऊन बसते. स्विच त्याच्या थैलीत आहे. लावू द्या ना त्याले.”

“करार इंद्रभानशी आहे. त्याची ना-हरकत लागेल.”

“मी हजार डाव लिहून देतो!” इंद्रभान जिन्यातूनच ओरडला. त्याचे चार गडी खांदे सुजवून घेत होते आणि लग्नसराई तोंडावर होती.

“ना-हरकत मिळाली तरी ते उपकंत्राट होते,” माणिकराव म्हणाले. “त्याला तीन दरपत्रकं लागतात, आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी.”

 वच्छलाबाईंनी पिशवीतून टोपडे काढले, हातावर ठेवून पाहिले आणि परत ठेवले. माणिकरावांना त्या रात्री जेवण गेले नाही.

या खेपेला गोविंदाने चोख काम केले. इतर दोघांना त्याने लाखाच्या खाली उतरायचे नाही अशी शपथच घातली. बारशाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. सोळापैकी पाच सभासद आले. एक तास कबुतरांवर आणि दीड तास पार्किंगवर कडाक्याची चर्चा झाली. मग कचोरी आली आणि सभा आटोपली.

तरी काही बिघडणार नव्हते, कारण इतिवृत्त माणिकरावांनी आधीच टाइप करून आणले होते. दरवर्षी ते मागल्या वर्षाचेच इतिवृत्त घेत, तारीख बदलत, लागलेच तर कंत्राटदाराचे नाव बदलत. तेवढ्यावर गेली सहा वर्षे संस्था सुरळीत चालली होती. आता फक्त न आलेल्या अकरा जणांच्या सह्या हव्या होत्या. रजिस्टर मखमली खुर्चीत ठेवण्यात आले. रजिस्टर ही व्यक्ती नसल्याने क्षमतेचा प्रश्न आला नाही. चार गडी ते घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. कोणी ओल्या हाताने सही केली, कोणी फोनवर बोलता बोलता. एकाने तर दार अर्धेच उघडून सही केली आणि हातात पडलेला पेनही आत नेला.

खुर्ची चौथ्या मजल्यावर आली. फ्लॅट वच्छलाबाईंच्या नावावर होता. बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून. त्यामुळे सभासदही त्याच.

“हे काय हाय?” त्यांनी विचारले.

“लिफ्टचंच हाय. इथं कर.”

त्यांनी आनंदाने सही केली. त्या रात्री त्यांनी जरीचे लुगडे काढून उशाशी ठेवले.

रविवारी सकाळी सात वाजता गोविंदा थैली घेऊन हजर झाला. खाली गाडी उभी होती. माणिकरावांनी त्याला मंजुरी दाखवण्यासाठी रजिस्टर उघडले आणि ठराव मोठ्याने वाचायला घेतला. “चालू कंत्राटदाराच्या सेवेबद्दल सभेने पूर्ण समाधान व्यक्त केले. लिफ्टबाबत कोणतीही तक्रार नसल्याने कंत्राटास एक वर्ष मुदतवाढ देण्याचे सर्वानुमते...” इथे थांबून त्यांनी पान उलटून पाहिले.

“काका, मी गुपचूप लावतो,” गोविंदा हलक्या आवाजात म्हणाला. “कोनाले काऊन सांगाचं?”

“सोळा जणांनी लिहून दिलंय की तक्रार नाही. जो बिघाडच नाही, तो दुरुस्त कसा करायचा?”

माणिकरावांनी शेवटचा उपाय म्हणून वर जाऊन सचिवांना उद्देशून विनंतीअर्ज लिहिला. मग खाली येऊन सचिव या नात्याने तो वाचला. अर्जदार सभासद नाही, फ्लॅट पत्नीच्या नावावर आहे, सबब अर्ज नामंजूर.

बारसे फोनवर झाले. प्रेरणाच्या जावेने फोन पाळण्यासमोर धरला होता. वच्छलाबाई जरीचे लुगडे नेसून पलंगावर बसल्या होत्या आणि फोनमधल्या त्या इवल्याशा चेहऱ्याला बोट लावू पाहत होत्या. आत्या पाळण्यावर वाकली, कानात कुर्र केले, आणि नाव घेणार तेवढ्यात चित्र थांबले. पुन्हा आले तेव्हा बायका पेढे वाटत होत्या.

“काय नाव ठेवलं वं?” त्यांनी दोनदा विचारले. तिकडच्या गलक्यात कोणाला ऐकू गेले नाही. मग फोन ठेवून त्या रडल्या. माणिकराव शेजारी बसले. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“मले वाचू तं द्याचं होतं,” त्या म्हणाल्या.

“म्याच नाई वाचलं,” माणिकराव म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी दिलेला हा पहिला खरा कबुलीजबाब होता, आणि तोही तोंडीच.

सोमवारी ठराव सूचनाफलकावर लागला आणि संस्थेत आग पेटली. पंधरा घरे पार्किंगमध्ये जमली. खुर्चीला वर्षभर मुदतवाढ देणारा हा गाढव कोण, असे सुवर्णाबाईंनी सर्वांच्या वतीने विचारले.  माणिकरावांनी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवले. एकेक जण पुढे आला, आपली सही पाहिली, ती आपलीच असल्याची खात्री केली आणि खाली मान घालून जिना चढू लागला. वरून खुर्ची येत होती. सगळे भिंतीला चिकटले.

आपण हसत असाल तर हरकत नाही, मलकापूर लांब आहे. पण सवड मिळाली की आपल्या सोसायटीचे रजिस्टर एकदा मागवून घ्या. मागच्या सर्वसाधारण सभेला आपण गेला नव्हता हे आपल्याला पक्के आठवते. त्या सभेत आपण हजर होता, आणि आपण समाधान व्यक्त केले आहे.