मोनगावचा दक्षिण दरवाजा

आमच्या खात्यातले जनूकाका कुणालाही एकदम मशीनला हात लावू देत नाहीत. आधी ते माणसाला इटलीतलं एक गाव फिरवून आणतात. तोंडी. गाव पाठ झालं की मगच पाना हातात मिळतो.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी हिंगोलीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला, वय बत्तीस, बायको-पोरं गावाकडं. बोईसरला कापड रंगवायच्या कारखान्यात लागलो तेव्हा साहेबांनी महिन्याची मुदत दिली होती. तेवढ्यात मशीन चालवता आलं तर ऑपरेटर, नाहीतर परत गावी. पहिल्याच दिवशी जनूकाकांनी मला स्टुलावर बसवलं.

"हिंगोली," ते म्हणाले, "मोनगावाला दोन दरवाजे हायेत. दक्षिणेचा आधी ध्यानात ठेव. गाव तिथनंच बुडाला."

मी मान हलवली. घाबरलो की मी मान हलवतो. मला वाटलं, जवळच वाणगाव आहे तसं मोनगावही इकडंच असेल आणि नव्या माणसाला तिथं जाऊन यावं लागत असेल. सुट्टीच्या दिवशी टमटम पकडून वाणगावला उतरलो आणि मोनगावचा दक्षिण दरवाजा कुठं म्हणून विचारत हिंडलो. मिरच्या विकणाऱ्या एका बाईनं मला सावलीत बसवून पाणी पाजलं आणि घरचं कोणी सोबत आहे का, असं काळजीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. "इतका शोदलास? मंग शिकशील," एवढंच म्हणाले आणि मूळ हकिगत सांगितली.

मशीन आलं तेव्हा ते बसवायला इटलीहून एक फिटर आला होता. त्याला मराठी-हिंदी येत नव्हती, काकांना त्याची भाषा येत नव्हती. शेवटी त्यानं खडूनं फरशीवर आपलं गाव काढलं आणि गावावरून मशीन समजावलं. गावाचं नाव मशीनच्या पितळी पट्टीवर होतं. रंगाच्या वाफेनं पट्टी खाल्ली, 'मोन' तेवढं उरलं, त्याचं काकांनी मोनगाव केलं. गाव टेकडीवर, भोवती तट. मधल्या चौकात कारंजं, म्हणजे पाणी फिरवणारा पंप. घंटाघराचं घड्याळ, म्हणजे प्रेशरचा काटा. दक्षिण दरवाजा म्हणजे वाफ आत सोडणारा व्हॉल्व्ह. एकदा शत्रू आला तेव्हा घंटाघरातला पहारेकरी डुलकी घेत होता, दक्षिण दरवाजा उघडाच राहिला आणि गाव गेलं. त्यातही एका शहाण्यानं उत्तरेचा दरवाजा हळूच उघडून बायामाणसं बाहेर काढली. ती जादा वाफ सोडायची वाट.

इथवर मला कळलं. पुढं डोकं चालेना. त्या गावात छठपूजेचा घाट होता. एक दर्गाही होता. आणि मशीनला पाणी देणाऱ्या टाकीला काका 'बाव' म्हणत, म्हणजे विहीर. पाळी सुरू करताना तिच्यावर हात ठेवून क्षणभर थांबत. त्याआधी मशीनची गोल काच पुसत आणि म्हणत, "म्हातारीला दिसला पायजे." मी रोज वहीत लिहून घ्यायचो: घाट, दर्गा, बाव, म्हातारी. इटलीत छठपूजा कशी, हे विचारायचं धाडस झालं नाही.

महिना भरला. साहेब आले, हिंदीत म्हणाले, "प्रेशर चढ़ा तो क्या करेगा?"

"साब, पहरेदार को जगाऊँगा," मी म्हणालो. साहेबांनी काकांकडं पाहिलं. काका छताकडं बघत होते. "फिर दक्षिण दरवाजा बंद. फिर उत्तर वाला धीरे धीरे, पहले औरतें निकलेंगी।" पण बोलताना हात आपोआप बरोबर व्हॉल्व्हवर जात होते. साहेबांनी हात बघितले, आणखी दोन प्रश्न विचारले, तेही बरोबर निघाले. मला ठेवून घेतलं. माझ्याबद्दल त्यांचं काय मत झालं, ते अजून माहीत नाही.

त्या दुपारी डबा खाताना मी धीर करून घाटाचं विचारलं.

"घाट बिहारच्या ऑपरेटरचा," काका म्हणाले. "दर्गा त्याच्या आदीच्याचा. जो पास होतो, तो आपल्या गावातला एक कायतरी मोनगावात टाकतो. त्या इटलीवाल्यानं आईची खिडकी टाकली. ती काच. रोज पुसायचा आनि तिच्याशी बोलायचा."

"आणि बाव?"

काकांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, तो तसाच धरून ठेवला. "आमच्या अंगनातली. गाव प्रकल्पात गेला, बाव कुंपनाच्या आत रायली. तिथं जायाचा तर पास लागतो." तुकडा तोंडात घातला. "इथं नाय लागत."

डबे आवरून आम्ही मशीनपाशी आलो. मागच्याच आठवड्यात मशीनला एक छोटा जादा पंप बसवला होता, त्याला अजून नाव नव्हतं. काकांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला. "बोल हिंगोली. तुजा काय?"

आधी मारुतीचं देऊळ मनात आलं. मग चिंच. मग नको वाटत असताना तोंडून निघालं, "शाळा. दोन खोल्यांची."

त्यांनी ब्रश माझ्याच हातात दिला. मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. काकांनी मान तिरकी करून ते वाचलं, बोटानं खाली ओघळलेला रंग पुसला.

"बरा हाय," ते म्हणाले. "पन ही मदीच सोडायची नाय."