आबांची विमानाची खिडकी

"हायी काच नही शे, माय. साबणना पानीशिवाय इले काहीच लावू नको," असं चिंधा आबांनी लग्नात बजावलं होतं. सविताने हळदीच्या गडबडीत "हो हो" म्हणून सोडून दिलं. बाकीचे बाप मुलीला कपाट देतात, आबांनी विमानाची खिडकी दिली!

आबा धुळ्याजवळ एका विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबात मदतनीस होते. लहानपणी सविता त्या खिडकीच्या ॲक्रिलिक प्लास्टिकला नाक लावून ओट्यावर बसायची, मागून आबा तोंडाने इंजिन चालवायचे. थुंकी उडाली की म्हणायचे, पाऊस लागला. धुळं खाली राहायचं आणि ती थेट ढगात.

आज आबा जळगावला येणार होते, नातवाला पहिलं उड्डाण द्यायला. आणि सकाळीच सविताच्या लहानग्या प्रशीलने फैजपूरहून आलेल्या केळीच्या घडाशी मस्ती करून चिकाचे हात खिडकीला पुसले.

केळीचा चीक म्हणजे कपडा फाटेल, पण डाग जाणार नाही. सविता बीएस्सी, शिवाय पोराला शिंक आली तरी डॉक्टरचा नंबर शोधणारी. साबणाने डाग हलेना. पोरीने आपली आठवण जपली नाही, असं आबांना वाटलं तर? शेजारच्या बेबाबाई अक्का म्हणाल्या, आमच्याकडे चिकाला थिनरच लावतात. घरात रंगकामातलं उरलेलं होतं.

डाग झटक्यात गेला. मग खिडकीवर धुकं आलं. धुकं पुसायला सविताने आणखी थिनर लावलं, तर कोळ्याने ओव्हरटाइम केल्यासारखं तड्यांचं बारीक जाळं पसरलं. थिनरचं फडकं टेबलावर ठेवून तिने खिडकीवर प्रशीलचं दुपटं टाकलं.

आबांनी आल्या आल्या, पाणीही न पिता, दुपटं उचललं. जाळ्यावरून बोट फिरवलं.

"थिनर?"

"हो, आबा."

त्यांनी प्लास्टिकच्या भिंगांचा चष्मा काढून टेबलावर, फडक्याशेजारी ठेवला आणि डोळे पुसले. पण आबांचे खांदे हसण्याने हलत होते. त्यांनी खिडकीच्या कडेची पट्टी सरकवली. खाली तसंच जुनं जाळं.

"मी नवा व्हतू. चमकाडाले पेट्रोल लाई दिधं. साहेबनी खिडकी काढी नि मना हातमा दिधी."

मग आधी आबा आणि सविता दोघंच खिडकीला नाक लावून बसले. पलीकडे नुसतं पांढरं.

"आपन ढगमा शेतस," आबा म्हणाले, आणि इंजिन सुरू झालं.

किती वेळ उडाले कोण जाणे. सविता खाली उतरली तेव्हा टेबलावर आबांचा चष्मा नव्हता, आणि थिनरचं फडकंही नव्हतं. तिची तर हिंमतच होत नाहीये. तुम्हीच जरा आतल्या खोलीत डोकावून बघता का, प्रशील इतका गप्प का आहे ते?