स्वरदाला आणायला

सिंदी रेल्वे या गावच्या बंडूजींची स्वरदा महिनाभर बँकॉकला राहायला गेली, त्याचं खरं कारण भारनियमन होतं.

ती घरी बसून परदेशी कंपन्यांच्या वेबसाइट बनवायची. ऐन कामात वीज जायची, आणि "लाइट गेली" हे कितीही चांगल्या इंग्रजीत सांगितलं तरी गिऱ्हाइकाला कळायचं नाही. नागपुरात राहावं, तर तिथे मामा होते आणि मामांजवळ स्थळं होती. शेवटी पोरीनं स्वस्तातलं तिकीट शोधलं, भाड्याची खोली शोधली आणि लॅपटॉप खांद्याला अडकवून एकटी निघाली. सिंदीची पोरगी एकटी वर्ध्याला निघाली तरी चार जण चौकशी करायचे. ही तर थेट परदेशी चालली होती. हिंमत लागते हो त्याला!

बंडूजींनी परवानगी दिली, पण अट घालून. "रोज सकाळी काम्प्युटरवर तोंड दाखवजो. जराशी गडबड वाटली का मी तुले घ्याले आलो समज. मंग पुन्हा कुठं जायचं नाव नाई."

"चालते बाबा," स्वरदा म्हणाली.

तेव्हापासून किराणा दुकान उघडण्याआधी बंडूजी धीरजच्या सायबर कॅफेत जाऊन लेकीचं तोंड पाहत. सोबत शेजारचे भैय्याजी असत. भैय्याजी कापसाचे दलाल. ते फारसे कुठे गेलेले नव्हते, पण त्यांना सगळीकडचं माहीत असे.

त्या रविवारी स्वरदा सांगत होती, "बाबा, काम मस्त चालू हाय..." तेवढ्यात तिच्या मागचं दार उघडलं. एक टकला माणूस हातात सुरी घेऊन आत आला. आणि सिंदीची लाइट गेली.

"सुरी होती!" बंडूजी ओरडले.

"लंबी होती," भैय्याजींनी भर घातली.

घरच्या फोनवरून काय आणि मोबाइलवरून काय, परदेश लागत नव्हता. एसटीडीवाल्याचं मशीन विजेवर चालायचं. स्वरदाचाही फोन येईना.

"काका, लाइट येऊ द्या, मंग पाहू," धीरज म्हणाला. पण थांबतील ते बंडूजी कसले! ते तडक घरी गेले आणि त्यांनी पिशवी भरली.

"अहो, पण विमानाले पासपोर्ट लागते म्हणतात," कौशल्याबाई म्हणाल्या.

"तिथं काउंटरवर भेटते," भैय्याजींनी सांगून टाकलं. "मी हाय ना सोबत!"

नागपूरच्या विमानतळावर बंदूकवाल्या जवानानं त्यांना दारातच अडवलं.

"टिकट?"

"वही तो निकालने आए."

"पासपोर्ट?"

बंडूजींनी रेशन कार्ड पुढे केलं. जवानानं ते उलटसुलट पाहिलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

हताश होऊन दोघं नागपूर स्टेशनवर आले, तर समोर एक गाडी सुटत होती. "चढा!" भैय्याजी म्हणाले. "सिंदीवरूनच जाते." ते खोटं नव्हतं. गाडी सिंदीवरूनच गेली, फक्त थांबली नाही. स्वतःचं गाव भर्रकन मागे पडताना बंडूजी खिडकीतून बघत राहिले. वर्ध्याला उतरल्यावर परत जाणारी गाडीही भैय्याजींनीच निवडली. तीही नागपूरकडे पाठ करूनच निघाली. पुलगाव आलं आणि त्यांचा मोबाइल वाजला.

"बाबा, कुठं हाय तुम्ही?"

स्वरदाचा आवाज! बंडूजींना रडूच आलं. "बेटा, बरी हाय ना तू? अन् तो सुरीवाला?"

"घरमालकाचे आजोबा हायत ते. रोज सकाळी पपई कापून देतात मले. इकडं एकटी हाय म्हणून लय जपतात. तुमची लाइट गेली हे समजलं, मंग मी कामाले बसली. आता घरी फोन केला, तं आई म्हणते तुम्ही मले घ्याले निघाले. कुठवर पोचले?"

"पुलगाव," बंडूजी हळूच म्हणाले.

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. मग बोटं खटखट चालली. "तिथंच उतरा. पूल चढून पलीकडच्या फलाटावर जा. नागपूर पॅसेंजर येऊन राह्यली. सिंदीले थांबते, मी पाह्यलं. अन् बाबा, भैय्याजीकाकाले काही विचारू नका."

दोघं गाडीत बसेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही. पाणी प्यायला लावलं. धीरजला स्कूटर घेऊन सिंदी स्टेशनवर पाठवते म्हणाली. शेवटी मात्र तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, मंग आता मले वापस या लागते का?"

बंडूजी उत्तर देणार, तोच गाडी हलली आणि फोन कटला. कुठे बँकॉक, कुठे पुलगाव! पण पोरीनं बसल्या जागेवरून बापाला नीट गाडीत बसवलं होतं. बंडूजींना वाटलं, डब्यातल्या प्रत्येकाला उठवून सांगावं, ही माझी लेक.

कौशल्याबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पाठीमागे वाकून पाहिलं. "पोरगी कुठं हाय? आणलं नाई तिले?"

"तिनंच मले आणलं," बंडूजी चपला काढत म्हणाले. "फोन आला तं सांगजो तिले, महिना पुरा करूनच ये म्हणा. अन् पुढं कुठं जायचं असन, तं तिचं तिनं ठरवावं."

"बरं, मी निघतो मंग," भैय्याजी म्हणाले.

भैय्याजींचं घर शेजारीच होतं. तरी बंडूजींनी धीरजला त्यांना दारापर्यंत पोचवून यायला सांगितलं.