फुलांच्या भेटीला जाणारा देव

समस्त वऱ्हाड प्रांतास अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, अमरावतीत आमच्या शेजारी एक देव रोज सकाळी तबकात बसून फुलांच्या भेटीला जात असे. साऱ्या दुनियेत फुलं देवाकडे जातात. उकंडरावांच्या घरी कारभार उलटा!

अंघोळ झाली की उकंडराव तबक घेऊन अंगणात उतरत. पावसाळ्यात देवाला तेरड्यापुढे नेत, थंडीत शेवंतीपुढे, उन्हाळ्यात मोगऱ्यापुढे. विचारलं तर म्हणत, "देवाले डोये हायेत, नाक हाये. तोडून कायले द्याची?"

काळ कसला, तर कापसाचा! विलायतेला आमच्या कापसाची अशी काही भूक लागली होती की लोकांनी गोठ्यामागे, वाटेकडेला, एकाने तर मारुतीच्या पाराला लागून सरकी टोबली. शेजारच्या पाटलाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. उकंडरावांना तो अंगणात कापूस लावा म्हणून सांगायला आला, तर ते तेरडा दाखवून म्हणाले, "हाही एकसाली, कापूसही एकसाली. पन तेरडा फुलला म्हून कोनी उतत नाही, पाटील." पाटील पुढे महिनाभर बोलला नाही.

एकसाली फुलं म्हणजे त्यांचे पाहुणे. झेंडूचं, तेरड्याचं बी राखेत घोळून चिंधीत बांधायचं आणि मृगात पुन्हा बोलवायचं. बारमाही ती घरची माणसं. बहर सरला की शेवंती छाटून तिची पिलं वेगळी लावायची, मोगऱ्याचं पाणी तोडून त्याला जरा रुसू द्यायचं, मग शेणखत घालून समजूत काढायची!

पाणी घालायची सारजा. उकंडरावांची एकुलती लेक. लग्नाला वर्ष व्हायच्या आत कुंकू पुसून माहेरी आलेली. घराबाहेर पडायची ती या झाडांपुरतीच.

फुलं मागायला आलेल्या बायांना उकंडराव मानाने बाजेवर बसवत, पोटभर वास घ्यायला लावत आणि रिकाम्या हाती परत पाठवत. मोहल्ल्याने त्यांना कवडीचुंबक ठरवून टाकलं.

अशात चैत्र आला. आमच्या घरचं हळदीकुंकू! यंदा प्रत्येकीला मोगऱ्याचा गजरा, असं बायकोने घरोघर सांगून ठेवलं होतं. मोगरा शेजाऱ्याचा, आणणारा मी. गजरे नसतील तर चार बायांत तोंड कसं दाखवू, असं बजावून तिने मला तांबडं फुटायच्या सुमारास कुंपणापलीकडे लोटलं. पोरांना 'चोरी करू नये' शिकवणारा मी मास्तर, उपरणं पसरून मोगऱ्यापुढे उकिडवा बसलो. पहिली कळी खुडतो न खुडतो तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. वर पाहिलं तर उकंडराव, आणि दुसऱ्या हातातल्या तबकातून देवही माझ्याकडेच बघत होता.

सापडलेला चोर शिरजोर होतो, तसा मी उलट त्यांच्यावरच घसरलो. झाडावर सुकून मातीत गेलेली चालतात, बाईच्या केसांत गेलेली चालत नाहीत, असा जीव तरी कशात अडकलाय तुमचा?

त्यांनी मनगट सोडलं. विहिरीवर सारजा घागर ओढत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून ते अगदी हळू सुरू झाले, पण आवाज त्यांचं ऐकेना.

"तोडलं का ते देवाचं होते, नाहीतर सवासनीचं होते, मास्तर. झाडावर हाये तवरिक माह्या सारजेचंही हाये."