बोर्डावरचं कलिंगड

चौकोनात लपलेलं चित्र बाहेर काढण्यात अख्ख्या चाकण पट्ट्यात माझा हात धरणारा माणूस नाही. बढाई नाही मारत, आमच्या सुमनला विचारा. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ह्यांना घरातला गॅस संपलेला दिसत नाही, पण चौकोनातलं बदक बरोब्बर दिसतं."

त्याचं काय झालं, जावयानं नवा घेतला म्हणून जुना हातातला व्हिडिओ गेम मला दिला. त्यात रंगीत चित्रांची कोडी. सगळे चौकोन रिकामे, वर आणि बाजूला रंगीत आकडे. लाल तीन म्हणजे त्या ओळीत तीन लाल चौकोन एकाला एक चिकटून. कुठं, ते सांगत नाही. ते आपण डोकं लावून हुडकायचं. सगळे भरले की चित्र उगवतं. माझं शिक्षण सातवी, तेही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास. पण हे असं जमलं, की आता जावईच अडला की मला फोन करतो.

भानगड एकच. चाळिशीनंतर डोळे बसले. एवढ्याशा स्क्रीनवर आकडे म्हणजे साखरेला लागलेल्या मुंग्या.

आता कंपनीचं सांगतो. महाळुंग्यात आमचं छोटं युनिट, गाड्यांचे पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो. आत शिरलं की भिंतीवर लोखंडी बोर्ड. वर ओळीनं महिन्याच्या तारखा, बाजूला मशीनची नावं, मधे चौकोन. रोज प्रत्येक मशीनपुढं एक चुंबकाचा तुकडा लावायचा. काही झालं नाही तर हिरवा, थोडक्यात वाचलं तर पिवळा, कुणाला लागलं तर लाल. हे काम माझ्याकडं. आमच्याकडं कधी कुणाला खरचटतही नाही, त्यामुळं हिरवे झिजून गेले आणि लाल तुकड्यांचा डबा अजून कोरा.

महिन्याची अखेर होती. जेवणाच्या सुट्टीत एका कोड्यावर अडकलो. रंग तीनच, लाल, पिवळा, हिरवा. मान वर केली तर समोर बोर्ड. चौकोन आहेत, रंग तेच आहेत, आणि चुंबक उचलून परत लावता येतात. म्हणलं, इथं मोठं मांडून बघू, सुट्टी संपायच्या आत परत हिरवं करू.

बिरू माझ्या लाइनवरचा. त्याच्या हातात गेम दिला. तो भाकरी खात आकडे सांगायला लागला.

"लाल नऊ."

"नऊ? नीट बघ."

"नऊच हाय. सलग. आन् हितं कडंला हिरवं दोन."

बोर्डावर मधोमध लालभडक काहीतरी फुगत चाललं. मी म्हणलं, "बिरू, हे कलिंगड आहे."

"व्हय की. फोड दिसतीया," बिरू म्हणाला, आणि त्यानं गेम पटकन भाकरीखाली सारला.

मागं वळलो तर आमचे मॅनेजर निरंजन सर, आणि बरोबर करिष्मा मॅडम. मॅडम मोठ्या कंपनीच्या. ऑर्डर द्यायच्या आधी आमचं युनिट तपासायला उद्या येणार होत्या, त्या आजच आल्या. ही ऑर्डर मिळाली तर आमची लाइन चालू राहणार. नाही मिळाली तर लाइन बंद, आणि मी, बिरू, वेल्डिंगवरचा गोरक्ष, सगळे घरी.

मॅडमनी बोर्ड बघितला. "हे काय आहे?"

खेळ म्हणावं तर लाइन गेली. अपघात म्हणावं तरी लाइन गेली. सरांनी त्यातल्या त्यात कमी लाजेचं निवडलं.

"अपघात आहेत मॅडम. छोटे छोटे."

"महिन्याच्या मध्यावर काय झालं होतं? सगळ्याच मशीनवर लाल?"

सरांनी माझ्याकडं बघितलं.

"ऊन लई होतं मॅडम," मी म्हणलं.

मॅडमनी टिपून घेतलं. "जखमींना भेटायचंय मला."

"चहा घेऊ आधी," सर म्हणाले आणि मला डोळ्यानं खुणावलं.

मी पळालो. प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत पट्टीचा पत्ता नाही, कॅन्टीनवाल्याचा चाट मसाला. शेवटी मशीन पुसायच्या चिंध्या घेतल्या. बिरूचा हात गळ्यात बांधला. गोरक्ष वेल्डिंगवरनं नुकता येत होता, त्याला धरून गुडघ्याला चिंधी गुंडाळली.

"मला काय झालंय?" गोरक्षनं विचारलं.

"लंगड."

"कुठल्या पायानं?"

"तुझ्या सोयीनं."

त्यानं खरंच सोयीनं घेतलं. येताना डाव्या पायानं लंगडला, खुर्चीकडं जाताना उजव्या.

मॅडम म्हणाल्या, "पाय बदलला का?"

"दोन्हीला लागलंय मॅडम. पाळीपाळीनं दुखतात."

"आणि पट्टीला हे काळं तेल कसलं?"

"आयुर्वेदिक," सर म्हणाले. ह्या माणसाला मी इतकी वर्षं साधा समजत होतो.

मॅडमनी वही मिटली. मी मनात गावाकडची एसटी पकडली.

"निरंजन सर," मॅडम म्हणाल्या, "ह्या पट्ट्यातल्या किती कंपन्या बघितल्या मी. सगळीकडं बोर्ड उसाच्या फडासारखे हिरवेगार. म्हणजे एकतर कुणी काम करत नाही, नाहीतर कुणी खरं सांगत नाही. खरं लावलेला बोर्ड आज पहिल्यांदा बघितला. ऑर्डर तुमची."

सर खुर्चीत बसले. मॅडमचा चहा त्यांनीच पिऊन टाकला.

"एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "दर महिन्याला मला बोर्डाचा फोटो पाठवायचा. अपघात कमी झाले पाहिजेत, पण हळूहळू. एकदम सगळं हिरवं झालं तर मी समजेन तुम्ही लपवताय, आणि ऑर्डर काढून घेईन."

तेव्हापासून सर महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवून देतात, लाल किती, पिवळे किती. मागच्या महिन्यापेक्षा थोडे कमी. आम्ही पाळी लावून चिंध्या बांधतो आणि फोटोला उभे राहतो. गोरक्ष आता दोन महिने एकाच पायानं लंगडू शकतो. लाइन जोरात चालू आहे.

गेल्या आठवड्यात मशीनमधे माझं बोट खरंच चेपलं. अंगठ्याशेजारचं, चांगलं सुजून वांग्यासारखं झालं. हात धरून सरांच्या केबिनमधे गेलो.

सरांनी बोट बघितलं. लगेच गाडी काढायला सांगितली, दवाखान्यात न्यायला. मग दारातनं मला परत बोलावलं आणि आवाज बारीक करून म्हणाले, "हिंदुराव, ह्या महिन्याचे लाल संपलेत. पुढच्या महिन्यात धरू का?"

आता लाइनचा प्रश्न. मी गाडीत बसायच्या आधी बोर्डापाशी गेलो आणि डाव्या हातानं हिरवा लावला.