झाडाविना पानगळ

झाडाचा मूळ दोष असा, की ते पानं गाळतं आणि त्यासाठी कोणाची परवानगी घेत नाही. एका जुन्या चारमजली इमारतीच्या सेक्रेटरींच्या हे लक्षात आलं आणि अंगणातलं बदामाचं झाड तोडण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. (एकमत म्हणजे सेक्रेटरींचं मत. बाकीचे चहाची वाट बघत होते.) झाडाच्या जागी फरशी आली, फरशीवर तीन गाड्या आल्या. कचरा शंभर टक्के घटला. सावलीही तितकीच घटली, पण तिची तक्रार घेऊन ऑफिसात कोणी आलं नाही.

तक्रार होती ती घरातच. सेक्रेटरींच्या आईची खुर्ची नेमकी त्या झाडासमोरच्या खिडकीत होती. झाड गेलं त्या दिवसापासून तिने मुलाशी बोलणं टाकलं. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, जेवण गार होतंय," असं ती सुनेला सांगे, आणि नवरा समोरच बसलेला असे. बाहेर सभा गाजवणारा हा माणूस घरात आईच्या एका शब्दासाठी झुरत होता.

अशात 'उद्याचं राहणं' ही स्पर्धा जाहीर झाली. जुन्या इमारतींनी भविष्याकडे टाकलेलं पाऊल तपासायला परीक्षक येणार होते. अट एकच, बागेत पानगळ दिसली पाहिजे. सेक्रेटरींनी खाली पाहिलं. फरशीवर बाराही महिने फरशीच दिसत होती.

पण हार मानतील ते सेक्रेटरी कसले! शेजारच्या मागासलेल्या इमारतीतून (तिथे अजून झाडं आहेत) पोती भरभरून पानं आणवली गेली. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी ती रंगाप्रमाणे निवडली, डॉक्टरीणबाईंनी धुऊन घेतली, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी इस्त्री केली. गच्चीवर पाळ्या लागल्या. नियम कडक होते: एका वेळी एकच पान टाकावे; टाकणाऱ्याने खाली डोकावू नये; पान कोणाच्या गॅलरीत अडकल्यास ते त्या सदनिकेची मालमत्ता समजावे.

परीक्षकबाई आल्या. पहिलं पान डुलत डुलत उतरलं, मग दुसरं. बाईंनी कौतुकाने वर पाहिलं. "झाड कुठंय हो?"

"झाड काढलं, बाई," सेक्रेटरी बोलून गेले. "पानगळ ठेवलीय."

"अहो, कमाल केलीत! झाडाचा व्याप नाही, नुसता ऋतू! उद्याचं राहणं म्हणतात ते हेच!"

पहिलं बक्षीस जागच्या जागी जाहीर झालं. आनंदाच्या भरात गच्चीने नियम गुंडाळून ठेवले आणि उरलेली पोतीच्या पोती खाली उलटी केली. हेडमास्तर पानांत नाचले. वहिनींनी इस्त्रीसकट टाळ्या वाजवल्या.

केसांत पानं घेऊन सेक्रेटरी धावत घरी आले. आई खिडकीतच होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. वर्षभराने ती मुलाकडे वळली.

"छान पडतायत रे."

सेक्रेटरींचे डोळे भरून आले.

"आता पाखरं कोण टाकणार?"

पाखरांसाठी उपसमिती नेमली आहे. सभासद कमी पडतात, तेव्हा बाहेरचेही चालतील. पात्रता एवढीच, की आपल्या खिडकीसमोरचं झाड गेलं तेव्हा 'बरं झालं, गाडी लावायला जागा झाली' असं म्हटलेलं असावं. अर्ज करू नये. तुमचं नाव आधीच घातलं आहे.