परबकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या भांडुपच्या सोसायटीत परबकाका गाऱ्हाणं घालायचे, तेव्हा गणपतीलासुद्धा सायबर कायदा ऐकावा लागायचा.

"बा देवा महाराजा," काका माइक ओढून घेत, "जो कोण अठराच्या आतल्या पोरांकडे नको ते फोटो मागता, तेच्या मोबाईलचा वाटोळा कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे ओरडायचो. कोकणातली रीतच ती. एकाने देवापुढे मागणं मांडायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा.

काकांनी उभा जन्म कोर्टात कारकुनी केली. निवृत्तीनंतर कायद्याचं ते सगळं बाड त्यांनी लिफ्टमधल्या पोरांवर उपसलं. कॉलेजची मुलं त्यांना बघून जिना धरत. एकदा वरच्या मजल्यावरची सानिका तावडीत सापडली.

"स्वतःचो फोटो स्वतः धाडलंस तरी कायदो लागता, समाजला मां?"

"काका, मी वडापाव आणायला चाललेय ना."

"जा. पण ज्या पोराचो फोटो फिरता, तेचा नाव फोडणारो पण आत जाता. ध्यानात ठेव."

यंदा फोटो फिरला तो काकांच्याच नातीचा. दहावीतली पोर. वर्गातल्या एका मुलाला तिनं विश्वासानं पाठवला, त्या गाढवानं तो मित्रांना वाटला. काकांच्या मुलानं पोलिसांत तक्रार केली आणि सगळं गुपचूप निभावलं. शाळेनं, पोलिसांनी नाव कुठे फुटू दिलं नाही. बिल्डिंगमध्ये कुणाला पत्ता नव्हता. पोर हळूहळू नीट जेवू लागली, आरतीला खालीही आली.

त्या संध्याकाळी काका माइकपुढे उभे राहिले. आता गाऱ्हाण्यात ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घ्यावंच लागतं, नाहीतर देवाला कळणार कसं? काकांनी नातीचं नाव घेतलं. आडनावासकट.

"तिचो फोटो ज्या ज्या मोबाईलात गेलो, थयसून पुसून टाक रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सवयीनं ओरडलो. मीही ओरडलो, त्याची अजून लाज वाटते. मग मंडपात कुणी कुणाकडे बघेना. पोर उठून निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी ती मालाडला मावशीकडे राहायला गेली. शाळेत जात नाही. काकांचा फोन उचलत नाही.

परवा काका माझ्याकडे येऊन बसले.

"पोलीस स्टेशनात गेलंय," ते म्हणाले. "सायबाक सांगितलंय, पोरीचा नाव मी फोडलंय, माझ्यावर केस घाल. चाय पाजल्यान आणि घराक धाडल्यान."

"काका, आजोबांवर कोण केस घालणार?"

"घालूक होयी होती रे," काका म्हणाले. "शिक्षा झाली असती तर तिका सांगूक कायतरी असता माझ्याकडे."